नवा पीसी, पंख्याची पाव चक्कर आणि गप्प: निलंग्याच्या एका स्टुडिओची केस

बटण दाबलं की प्रोसेसरवरचा पंखा पाव चक्कर फिरायचा, एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला पॉवर देणाऱ्या डब्यातून, बारीक टिक असा आवाज यायचा आणि सगळं गप्प. परत बटण दाबा, काहीच नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबून चालू केलं की पुन्हा तीच पाव चक्कर. मदरबोर्डावरची बारकी लाईट मात्र सगळा वेळ लागलेलीच. नवीन जोडलेला पीसी चालू होईना म्हणून लातूरला माझ्याकडं जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं काम चहा यायच्या आत होतं, कुणी प्रोसेसरची आठ पिनची वायरच लावलेली नसते, कुणाची रॅम एका बाजूनं वर राहिलेली असते, एकजण तर एसएमपीएसचा मागचा स्विच बंद ठेवूनच पन्नास किलोमीटर आला होता. ही केस तशी नव्हती. बिघडलेला पार्ट सापडला तेव्हा काम अर्धंच झालं होतं, आणि तिथंच थांबलो असतो तर अजून एक वस्तू जळाली असती, म्हणून सगळं लिहून काढायलोय.

मशीन निलंग्याच्या एका फोटो स्टुडिओचं. काका लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतात, त्यांचा पुतण्या डिप्लोमाला आहे, त्यानं ऑनलाईन पार्ट मागवून घरीच जोडलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, म्हणजे ग्राफिक्स आतच, वेगळं कार्ड नाही. बी५५० चा मायक्रो एटीएक्स बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी स्टोरेजची पट्टी), ५५० वॅटचा सेमी मॉड्युलर एसएमपीएस. एवढं नवीन. जुनं काय ठेवलं तर कॅबिनेट आणि २ टीबीची हार्डडिस्क. आधीचा पीसी पुण्याहून सेकंडहँड आणलेला एडिटिंगचा होता, त्याचा एसएमपीएस लाईटच्या कमीजास्तीत गेला, मग काकांनी ठरवलं की आता सगळं नवंच करू, कॅबिनेट चांगलं दणकट आहे ते कशाला फेकायचं. बरोबरच आहे, मी पण तेच सांगितलं असतं.

हे जुनं कॅबिनेट ध्यानात ठेवा.

घरी पोरानं काय काय करून बघितलं त्याची यादी त्यानं मला सांगितली, आणि पोरगं हुशार आहे, उगं काहीतरी केलेलं नव्हतं. रॅम काढून रबरनं घासून लावली, एकच रॅम ठेवून बघितली, बोर्डावरचा सेल काढून ठेवला, समोरच्या बटणाच्या वायरी काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टेकवून बघितल्या. सगळ्याला उत्तर एकच, पाव चक्कर. मग त्यानं एका दुकानात फोटो पाठवले, तिथून सांगितलं बोर्ड गेलाय, कंपनीला पाठवा, महिनाभर लागंल. लग्नसराई तोंडावर आणि महिनाभर, त्यामुळं काका स्वतःच एसटीत कॅबिनेट मांडीवर घेऊन आले.

"दादा, मी सगळं यूट्यूबवर बघूनच जोडलो, एक बी वायर चुकली नाही," हे पोराचं पहिलं वाक्य.

आणि काकांचं पहिलं वाक्य, "ह्येला हात लावला की झिणझिण्या येऊलालेत, मी म्हणूलालो अर्थिंगचाच प्रॉब्लेम हाय, पण ऐकंना."

आता हे अर्थिंगचं प्रकरण आपल्याकडं इतकं आहे की आधी तेच निकालात काढतो. टेस्टर कॅबिनेटला लावला की पेटतो, उघड्या पायानं फरशीवर उभं राहून हात लावला की मुंग्या येतात, हे अर्ध्या मराठवाड्यातल्या पीसींचं आहे. एसएमपीएसच्या आत लाईट येते तिथं फिल्टरमध्ये दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग असली की त्यातून येणारा बारीक करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसली की बॉडी दोघांच्या मधेच लटकते, म्हणजे २३० च्या निम्मे, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट फार थोडा असतो म्हणून झटका न बसता नुसती झिणझिण येते. अर्थिंगचा खड्डा केलेला असला तरी उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक पडते, मीठ-कोळसा टाकून वर्षं झालेली, पाणी कुणी ओतत नाही, मग ती अर्थिंग असून नसल्यासारखी. हे नीट करून घ्यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, पण पीसी ह्याच्यामुळं बंद पडत नाही. अर्थिंग नसतानाही एसएमपीएस चालू होतो, गावोगाव चालूच आहेत. माझ्या दुकानात अर्थिंग व्यवस्थित आहे, तिथं लावलं, झिणझिण गेली आणि पाव चक्कर तशीच राहिली. तो विषय तिथं संपला.

पेचकस हातात घ्यायच्या आधी त्या पाव चकरेवर जरा थांबायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त माहिती तिच्यातच आहे आणि लोक तिकडं बघतच नाहीत, 'चालू होईना' एवढंच सांगतात.

बोर्डावरची बारकी लाईट लागलेली आहे म्हणजे काय, तर एसएमपीएसमध्ये एक छोटा वेगळा सप्लाय असतो, स्टँडबायचा ५ व्होल्ट, जांभळी वायर, तो प्लग लावून मागचा स्विच टाकला की लगेच सुरू होतो, पीसी चालू असो नसो. तो बोर्डापर्यंत पोचलाय. म्हणजे घरातला प्लग, पॉवर कॉर्ड, मागचा स्विच, २४ पिनचं कनेक्टर ह्यातलं काही पूर्ण मेलेलं नाही. पण ह्याच्यावरून मोठा सप्लाय चांगला आहे असं अजिबात म्हणता येत नाही, तो वेगळा सर्किट आहे. 'लाईट लागलीय म्हणजे एसएमपीएस ओके' असं ठामपणे सांगणारे लय भेटतात.

पुढं, पंखा हलला. म्हणजे बटण दाबलेलं बोर्डाला कळलं, बोर्डानं एसएमपीएसला जाग म्हणून सांगितलं, एसएमपीएस जागा पण झाला आणि १२ व्होल्ट क्षणभर पंख्यापर्यंत आले. बटणाच्या वायरी चुकीच्या पिनांवर असत्या तर पंखा हललाच नसता. रॅमचा प्रॉब्लेम असता तर बहुतेक बोर्डांवर पंखा फिरतच राहतो आणि स्क्रीन काळी राहते. प्रोसेसरची आठ पिनची वायर राहिली तरी जवळपास तसंच. इथं पंखा सुरू होऊन लगेच थांबला आणि मग मागचा स्विच बंद करेपर्यंत एसएमपीएस परत उठायलाच तयार नाही. हे एसएमपीएसनं स्वतःहून हात वर केल्याचं लक्षण आहे. कुठंतरी शॉर्ट आहे, त्याला तो दिसला, त्यानं स्वतःला लॉक करून घेतलं. स्टँडबायचा सप्लाय वेगळा असल्यामुळं लाईट तेवढी लागलेली राहते.

म्हणजे कॅबिनेट उघडायच्या आधीच प्रश्न बारीक झाला होता. 'का चालू होईना' हा प्रश्नच उरला नव्हता, शॉर्ट कुठं आहे एवढाच होता. आणि शॉर्ट शोधायचा तर पार्ट बदलून बघण्यात अर्थ नसतो, पार्ट कमी करत जायचं असतं. दुकानात माझ्याकडं दुसरा बोर्ड होता, तो लावून बघा असं पोरगं म्हणत होतं. शॉर्ट असलेल्या मशीनमध्ये चांगला बोर्ड घालायची माझी तर हिंमत होत नाही.

सगळं काढलं. पहिलं एसएमपीएस एकटा. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी, ह्या दोन्हीत पेपरक्लिप घातली की एसएमपीएसला वाटतं बोर्डानंच सांगितलं. हल्ली वायरी सगळ्या काळ्याच येतात, मग १६ नंबरची पिन मोजून काढावी लागते. क्लिप घालताना मागचा स्विच बंद पाहिजे, हे सांगायला नको पण सांगतो. काही एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, त्यावरून तो मेला असं समजू नका, म्हणून मी एक जुना कॅबिनेट फॅन लोड म्हणून लावतो आणि मीटरनंच बघतो. १२ च्या जागी १२.०८, ५ च्या जागी ५.०४, ३.३ च्या जागी ३.३१. पाच टक्के इकडंतिकडं चालतं, हे तर जवळपास नेमकंच. एसएमपीएस चांगला.

मग बोर्ड बाहेर काढला आणि त्याच्याच खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एचडीएमआय. बाकी काही नाही. पिना टेकवल्या आणि पंखा फिरला, फिरतच राहिला, थोड्या वेळानं स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन, आलं. काकांनी खुर्चीवरून उठून बघितलं. दुकानातल्या त्या माणसानं महिनाभरासाठी पाठवायला सांगितलेला बोर्ड तो हाच.

पोरगं लगेच म्हणालं, "म्हणजे कॅबिनेटच शॉर्ट मारूलालंय. खालचा पितळी नट बोर्डाला टेकला असंल."

अंदाज चुकीचा नव्हता. कॅबिनेटच्या बाहेर चालतं आणि आत चालत नाही म्हणलं की पहिलं बोट बोर्ड ज्याच्यावर बसतो त्या पितळी नटाकडं, स्टँडऑफकडंच जातं. मोठ्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये छोटा मायक्रो एटीएक्स बोर्ड बसवताना बोर्डाला जिथं भोकच नाही तिथं आधीचा एखादा नट राहून जातो, तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट. हे मी बघितलेलं आहे. पण बाहेर काढल्यावर चाललं ह्याचा अर्थ कॅबिनेट दोषी असा होत नाही, बाहेर काढताना आपण फक्त कॅबिनेट काढत नाही ना. बटणाच्या वायरी काढल्या, पुढचे यूएसबी काढले, ऑडिओ काढला, मागचा पंखा काढला, हार्डडिस्क काढली, दुसरी रॅम काढली. ह्यातलं कोणतंही एक असू शकतं. एवढी सगळी संशयित मंडळी एकदम घराबाहेर पाठवली आणि चोरी थांबली, म्हणून त्यातल्या एकाचं नाव घेऊन मोकळं व्हायचं नसतं.

नट मोजले. बोर्डाला जेवढी भोकं तेवढेच नट आणि त्याच जागी. बोर्ड आत ठेवला, स्क्रू आवळले, बाकी काही न लावता पिना टेकवल्या, चालू. कॅबिनेट सुटलं. मग एकेक वस्तू परत आत, आणि प्रत्येक वस्तूनंतर चालू करून बघणं. दुसरी रॅम, चालू. समोरचं बटण, चालू. पुढचे यूएसबी, चालू, खरं तर माझा ह्याच्यावर जरा संशय होता कारण जुन्या कॅबिनेटमधल्या यूएसबीच्या पिना वाकलेल्या असतात. एनव्हीएमई, चालू. हार्डडिस्कची डाटा केबल, चालू.

हार्डडिस्कची पॉवर केबल लावली. टिक, पाव चक्कर, गप्प.

इथं एक गोष्ट मधेच सांगतो कारण ह्यामुळं बरेच जण फसतात. एकदा असं लॉक झालं की दोष असलेली वस्तू काढली तरी एसएमपीएस लगेच उठत नाही. मागचा स्विच बंद करायचा, आतला चार्ज उतरू द्यायचा, समोरचं बटण दाबून धरलं तर लवकर उतरतो, बोर्डावरची लाईट पूर्ण विझली की मग चालू करायचं. हे न करता घाईघाईनं वस्तू काढून बटण दाबत बसलं तर चांगल्या वस्तूवर पण खापर फुटतं. पोरानं घरी हार्डडिस्क काढून पण बघितली होती म्हणे, पण मागचा स्विच बंद न करताच. त्याच्या हातात उत्तर येऊन गेलं होतं.

स्विच बंद, लाईट विझली, हार्डडिस्कची पॉवर काढली, चालू केलं. चालू.

पोराचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझं सगळं बरोबर होतं, हार्डडिस्कच गेली जुनी. ती तशी बी लय जुनी हाय."

काका काहीच बोलले नाहीत. त्या हार्डडिस्कमध्ये ह्या सीझनमधल्या लग्नांचं शूटिंग होतं, काही जणांचे अल्बम अजून द्यायचे होते. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि अजून एक हार्डडिस्क काढली, कागदात गुंडाळलेली. "ही लावून बघा की जरा. ह्येच्यात मागच्या सीझनचं सगळं हाय आणि ह्या सीझनचं बी थोडंफार हाय. ही चालली म्हणजे निम्मं तरी वाचलं."

त्या केबलला दुसरं एक सॅटाचं, म्हणजे हार्डडिस्कला पॉवर द्यायचं, तोंड रिकामंच लोंबत होतं. लावायला दोन सेकंद लागले असते.

काकांना म्हणलं, थांबा, ती परत कागदात ठेवा. कारण प्रश्न असा होता की हार्डडिस्क जुनी आहे हे मान्य, पण ती गेली कधी? आधीच्या पीसीचा एसएमपीएस गेल्यानंतर काकांनी ती काढून शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून एका नवरीकडच्यांना फोटो काढून दिले होते. म्हणजे तोपर्यंत चांगली होती. नव्या पीसीला लावली आणि पहिल्या बटणालाच गेली. जुनी हार्डडिस्क मरते तेव्हा बहुतेक वेळा आधी कण्हते, टकटक करते, फाईल उघडायला वेळ लावते, बॅड सेक्टर येतात. एसएमपीएस लॉक होईल असा सरळ शॉर्ट मारून मरणं हे म्हातारपणाचं मरण नाही, हिला काहीतरी पाजलेलं आहे.

मीटर कंटिन्युटीवर टाकला, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो बीप वाजवतो. सॅटाच्या पॉवरच्या १५ पिना असतात, तिन्ही व्होल्टेजना तीन-तीन आणि मधे ग्राउंड. १ ते ३ ला ३.३ व्होल्ट, ७ ते ९ ला ५ व्होल्ट, १३ ते १५ ला १२ व्होल्ट. हार्डडिस्कच्या १२ च्या पिना आणि ग्राउंड, बीप नाही. ५ च्या पिना आणि ग्राउंड, सलग बीप. म्हणजे ५ व्होल्टची लाईन शॉर्ट. फक्त तीच.

मग केबल बघितली. एसएमपीएसच्या बाजूच्या तोंडावर बारीक अक्षरात एका कंपनीचं नाव, आणि एसएमपीएसवर दुसऱ्याच कंपनीचं.

"ही केबल कुठली रे?"

"ती आधीच बसवलेली होती ना दादा, मागच्या बाजूनं नीट टाय मारून आणलेली, मी तशीच ठेवलो. नव्या एसएमपीएसला बरोबर बसली."

बरोबर बसली हेच तर दुखणं आहे. नव्या एसएमपीएसच्या खोक्यात त्याची स्वतःची सॅटा केबल प्लॅस्टिकच्या पिशवीत, न फोडलेली पडून होती. जुना एसएमपीएस पूर्ण मॉड्युलर, नवा सेमी मॉड्युलर, म्हणजे २४ पिनची आणि प्रोसेसरची वायर आतूनच आलेली आणि बाकीच्या हव्या तशा लावायच्या. त्या दोन वायरी त्यानं नव्याच वापरल्या कारण पर्यायच नव्हता. सॅटाची मात्र जुनी राहिली, टाय कापायचा कंटाळा, आणि दिसायला पण ती जास्त व्यवस्थित.

मॉड्युलर केबलच्या हार्डडिस्ककडच्या तोंडाचं स्टँडर्ड ठरलेलं आहे, जगात कुठंही तेच. एसएमपीएसकडच्या तोंडाचं असं काही ठरलेलं नाही. सहा पिनचा सॉकेट दोन्हीकडं सारखाच दिसतो, कुलूप सारखं, आकार सारखा, पण कुठल्या पिनवर १२ सोडायचे, कुठल्या पिनवर ५ सोडायचे आणि ग्राउंड कुठं हे ज्याचं त्यानं ठरवलेलं. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन सिरीजमध्ये पण फरक असतो. खोक्यावर, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फक्त सोबत आलेल्याच केबल वापरा, पण केबल बसतेय म्हणल्यावर मॅन्युअल कोण उघडतंय.

पोराला नुसतं सांगून पटलं नसतं म्हणून मोजून दाखवलं. एसएमपीएस टेबलावर एकटा, हार्डडिस्क काही जोडलेली नाही, पेपरक्लिप घालून चालू. आधी खोक्यातली नवी केबल: मीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल पिन सॅटाच्या ५ व्होल्टच्या जागी, ५.०४. मग स्विच बंद करून तीच जागा जुन्या केबलला, मीटरवर १२.०७. लाल पिन १२ च्या जागी सरकवली, तर तिथं ५. अदलाबदल झालेली होती, बाकी ग्राउंड जागच्या जागी. पोरानं माझ्या हातातून मीटर घेऊन स्वतः परत मोजलं, मग केबल उलटसुलट करून बघितली, मग गप्प बसलं. काकांना आकड्यातलं काही कळलं नसावं पण दुसरी हार्डडिस्क त्यांनी पिशवीच्या तळाला नेऊन ठेवली.

तर झालं ते असं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा हार्डडिस्कच्या ५ व्होल्टच्या लाईनवर १२ व्होल्ट आले. साडेतीन इंची हार्डडिस्कच्या सर्किट बोर्डावर बहुतेक वेळा पॉवरच्या तोंडाजवळच ५ ला एक आणि १२ ला एक असे संरक्षक डायोड असतात, टीव्हीएस डायोड म्हणतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ते जास्तीचं स्वतःवर ओढून घेतात, आणि फारच झालं तर स्वतः जळून शॉर्ट होतात, म्हणजे मागचं सर्किट वाचतं. इथं तेच झालं, डायोड शॉर्ट झाला, एसएमपीएसला शॉर्ट दिसला, त्यानं सप्लाय तोडला. दोघांनी आपापलं काम केलं. त्यानंतर कितीही वेळा बटण दाबलं तरी तोच शॉर्ट. आणि एकदा डायोड शॉर्ट झाल्यावर बरोबर केबल लावली तरी तीच पाव चक्कर दिसणार, त्यामुळं नुसती केबल बदलून पण काही कळलं नसतं आणि नुसती हार्डडिस्क बदलून तर दुसरी पण गेली असती.

हाच डायोड काकांसाठी चांगली बातमी होता. तो शॉर्ट आहे म्हणून ५ ची लाईन शॉर्ट दिसतेय, तो काढला की मागचं सर्किट शाबूत असलं तर हार्डडिस्क फिरेल. असलं तर. काकांना दोन्ही रस्ते सांगितले. डाटा फारच महत्त्वाचा असेल आणि धोका नको असेल तर पुण्याला किंवा हैदराबादला डाटा रिकव्हरीवाल्याकडं द्या, पैसे बरेच लागतात. नाहीतर इथं डायोड काढून बघू, पण चाललीच तर फक्त डाटा उतरवून घ्यायला, नंतर वापरायची नाही, कारण आता तिला संरक्षण उरलेलं नसतं. एकजण दुकानात बसलेला होता तो म्हणाला तसल्याच मॉडेलचा जुना बोर्ड आणून लावा, सोपं काम आहे. ते आता सोपं राहिलेलं नाही. हल्लीच्या हार्डडिस्कच्या बोर्डावर एका चिपमध्ये त्याच हार्डडिस्कपुरत्या मापाची माहिती असते, ती चिप पण उचलून नव्या बोर्डावर बसवावी लागते, नुसता बोर्ड बदलून काही होत नाही.

काकांनी थोडा विचार केला, एक फोन केला, आणि म्हणाले, "करा दादा, इथंच करा."

हार्डडिस्कचा खालचा हिरवा बोर्ड टॉर्क्सचे स्क्रू काढले की निघतो, आतलं सीलबंद झाकण उघडायचं नसतं, ते उघडलं की धूळ आत गेली आणि डाटा पण हातचा गेला. माझ्या शेजारी मोबाईल रिपेअरिंगवाला आहे, त्याच्याकडं हॉट एअरचं मशीन आणि मायक्रोस्कोप आहे, असलं बारीक काम त्याच्याच हाताचं. मायक्रोस्कोपखाली दोन्ही डायोड शेजारी शेजारी, एकाच्या पाठीवर केसाएवढी चीर. मोजला, शॉर्ट. त्यानं आजूबाजूला टेप लावून तो एकच उचलला. परत ५ ची लाईन मोजली, बीप गेला. १२ च्या डायोडला हात लावला नाही, तो चांगला होता.

पहिल्यांदा नव्या पीसीला लावलीच नाही. टेबलावरचा एसएमपीएस, त्याची स्वतःची केबल, पेपरक्लिप. कानाजवळ धरली तर आत मोटर वेग घेताना जो चढता आवाज येतो तो आला, टकटक नाही. मग पीसीला. फोल्डर दिसायला लागले, नवरा-नवरीच्या आडनावांचे आणि तारखांचे. काकांनी त्याच दिवशी बाजारातून एक एक्स्टर्नल हार्डडिस्क आणली, साधारण दीड टीबीचा माल होता, रात्रभर कॉपी चालू ठेवली. अल्बम द्यायचे राहिलेले फोल्डर आधी, बाकीचे नंतर, म्हणजे मधेच हिनं मान टाकली तरी नडीचं काम झालेलं असेल. टाकली नाही. सकाळी दोन्हीकडच्या फोल्डरचा साईज आणि फाईलची संख्या जुळवून बघितली, काही व्हिडिओ मधूनच चालवून बघितले, आणि मग त्या जुन्या हार्डडिस्कवर मार्करनं 'वापरू नये' असं लिहून दिलं.

एसएमपीएसवर शॉर्ट येऊन गेला होता म्हणून त्याचं काय, हे पोरानं विचारलं आणि विचारायलाच पाहिजे होतं. प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून तासभर चालवला आणि १२ आणि ५ परत मोजले, हलले नाहीत. संरक्षणं असल्या कामासाठीच असतात, एखाद्या शॉर्टनं चांगला एसएमपीएस सहसा मरत नाही. तोच ठेवला. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एनव्हीएमई ह्यांना त्या केबलनं काही केलंच नव्हतं, कारण ती त्यांच्यापर्यंत जातच नव्हती. तीच जुनी केबल जर एखाद्या कार्डाला किंवा प्रोसेसरला जाणारी असती तर ही केस फार महागाची झाली असती.

जुन्या कॅबिनेटमधल्या मागच्या बाजूच्या सगळ्या टाय कापल्या, त्यातून अजून दोन केबल निघाल्या, एक ग्राफिक्स कार्डाची आठ पिनची आणि एक चार पिनची मोलेक्स, दोन्ही त्या मेलेल्या एसएमपीएसच्या. उद्या काका ग्राफिक्स कार्ड घेतील, केबल तिथंच तयार दिसेल, बसेल पण. त्यामुळं त्या पोराच्या हातानंच कापायला लावल्या. त्याला जीवावर आलं, चांगली केबल कापायची म्हणून, पण कापली. ज्या एसएमपीएसची केबल आहे तो जिवंत असेल तर केबल त्याच्याच खोक्यात टाकून ठेवावी, तो मेला असेल तर केबलला पण घरात ठेवू नये असं माझं मत आहे, भंगारवाला तांब्याचे दोन पैसे देतो.

पीसी निलंग्याला गेला, चालू आहे, ५६००जी वर काकांचं एडिटिंग आधीपेक्षा बरंच पळतंय असं पोरानं फोनवर सांगितलं. दुसरी हार्डडिस्क पण कामाला आली, ती नव्या केबलवर लावलीय आणि प्रत्येक लग्नाचं शूटिंग आता दोन ठिकाणी पडतं. झिणझिण्या मात्र अजून आहेत. वायरमनला सांगितलंय, तो म्हणतो खड्डा नवीनच घ्यावा लागंल, जुन्याची पट्टी गंजून तुटलीय. तोपर्यंत काका पायात चप्पल घालून पीसी लावतात आणि मी फोनवर ओरडतो की चप्पल हा अर्थिंगला पर्याय नाही.